नावाची वहिवाट

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सद्गृहस्थ या गावच्या नाट्यगृहाचे कारभारी होते. ते नट नव्हते, नाटककार नव्हते, आणि रंगमंचाच्या प्रकाशात उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर नटराजपूजनाच्या दिवसाखेरीज क्वचितच येई. त्यांच्या पश्चात त्यांच्या चिरंजीवांनी मला एक वही दाखविली. लाल कापडी बांधणीच्या त्या लांबट वहीत प्रत्येक प्रयोगाची तारीख, मंडळीचे नाव, नाटकाचे नाव, तिकिटांची विक्री, दिवाबत्तीचा खर्च आणि अखेरच्या रकान्यात ‘उत्तम’, ‘साधारण’, ‘पाऊस’ असा एखादाच शब्द, अशा नोंदी एका हाताने, एका वळणाच्या अक्षरात, कितीतरी वर्षे अखंड केलेल्या आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय मी दूरदेशीचा निवडला असला, तरी तो मनात रुजला तो त्या वहीची पाने उलटताना, हे प्रारंभीच सांगणे मला अगत्याचे वाटते.

गेल्या वर्षी अथेन्स नगरीत काही दिवस राहण्याचा योग आला. ग्रीसला जाणारा आपल्याकडचा नाट्यप्रेमी मनुष्य ज्या स्थळांची यादी खिशात घेऊन जातो ती स्थळे मीही भक्तिभावाने पाहिली. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, जेथे इस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांची नाटके प्रथम झाली ते दिओनिसोसचे प्रेक्षागार पाहिले. आणि त्याच उतारावर, रोमन अमलात, हेरोदेस अत्तिकस या धनिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेले भव्य नाट्यगृहही पाहिले. त्या पायऱ्यांवर बसले असता मन नम्र होते यात संशय नाही. परंतु प्राचीन काळी तेथे बोलून गेलेल्या एकाही नटाचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, कारण ते सारे मुखवट्याआड उभे राहिले, आणि ते सारे पुरुष होते. मातेचा आक्रोश आणि कन्येचा विलापही तेथे पुरुषाच्याच कंठातून उमटला. म्हणूनच, ज्या नगरीने जगाला शोकनाट्य दिले त्याच नगरीच्या मध्यवस्तीत, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या एका स्त्रीचे, एका नटीचे नाव धारण करणारे नाट्यगृह अद्याप चालते आहे असे जेव्हा मला कळले, तेव्हा त्या दिवसाचा ठरलेला सगळा कार्यक्रम बाजूस सारून मी तिकडे निघालो.

सिंताग्मा, म्हणजे संविधानाचा चौक, आणि ओमोनिया, म्हणजे ऐक्याचा चौक, या दोहोंना जोडणारा एक प्रशस्त राजमार्ग अथेन्समध्ये आहे. लोक त्याला ‘पानेपिस्तिमीऊ’, म्हणजे विद्यापीठमार्ग, म्हणतात. सिंताग्माकडून चालू लागले की ट्रॉय नगरीचे उत्खनन करणाऱ्या श्लीमानचा वाडा, त्यापुढे अकादमी, विद्यापीठ आणि राष्ट्रीय ग्रंथालय यांच्या संगमरवरी स्तंभांनी शोभणाऱ्या तीन इमारती, अशी विद्येची मिरवणूकच उजव्या हाताला उभी राहते. येथे थोडे विषयांतर केल्यास श्रोते क्षमा करतील. याच अथेन्सचा एक पुत्र, दिमीत्रिओस गलानोस, अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात आला, काशीत राहून संस्कृत शिकला आणि १८३३ साली काशीतच निवर्तला; त्याने भगवद्गीतेचे आणि भर्तृहरीचे ग्रीक भाषेत केलेले अनुवाद त्याच्या मृत्यूनंतर अथेन्समध्ये छापले गेले. काशीच्या घाटावर बसून भर्तृहरीला ग्रीक शब्द शोधणारा तो मनुष्य त्या रस्त्यावरून जाताना मला राहून राहून आठवत होता, आणि त्या परक्या नगरीत आपण अगदीच परके नाही असा धीर त्याच्या आठवणीने दिला.

ग्रंथालय मागे टाकून ओमोनियाच्या दिशेने थोडे पुढे गेले की इमारतींच्या गर्दीतून एक अरुंद पण उंच दर्शनी भिंत सरळ आकाशाकडे झेपावलेली दिसते. तिच्यावर स्तंभ नाहीत, कमानी नाहीत; आहेत त्या फक्त खालून वर धावत गेलेल्या उभ्या रेषा, आणि वरच्या बाजूस टप्प्याटप्प्याने आत घेतलेले मजले. त्या काळच्या न्यूयॉर्कमधील गगनचुंबी इमारतींची आठवण व्हावी अशी ही रचना वासिलिस कासान्द्रास आणि लेओनिदास बोनिस या दोघा वास्तुविशारदांची. १९३५ ते १९३७ या काळात ती बांधली गेली, आणि एकाच छपराखाली नाट्यगृह, चित्रपटगृह आणि तळघरातील दालन अशी तिहेरी सोय तिच्यात केली गेली. चित्रपटगृहाचे नाव ‘रेक्स’, म्हणून सगळी इमारत लोकांच्या तोंडी ‘रेक्स’च झाली, परंतु नाट्यगृहाला नाव दिले गेले ते मारिका कोतोपूली हिचे.

ही मारिका कोण, हे सांगण्यासाठी मला तिच्या पाळण्यापासून आरंभ केला पाहिजे, कारण रंगभूमीशी तिचा संबंध तेथूनच जडला. १८८७ साली अथेन्समध्ये तिचा जन्म झाला. वडील दिमीत्रिओस आणि आई एलेनी ही दोघेही नटधर्मी, गावोगाव फिरणाऱ्या मंडळीची, बहिणीही नट्याच. ज्या वयात इतर मुले अंगणात खेळतात त्या वयात ही मुलगी बैलगाड्या, बोटी आणि परक्या गावच्या धर्मशाळा यांमधून वाढली असणार. आपल्या जुन्या नाटकमंडळ्यांच्या आत्मचरित्रांतून ज्यांनी तो संसार वाचला आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी अथेन्समध्ये राजाश्रयाने राजनाट्यगृह उघडले, आणि तेथील मंडळीत मारिका दाखल झाली तेव्हा ती जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती.

आणि ज्या नाट्यगृहात तिने तारुण्याची पहिली वर्षे काढली, त्याच नाट्यगृहाच्या दारावर १९०३ च्या नोव्हेंबरात दंगल झाली, ती एका भाषांतरासाठी. इस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी रंगभूमीवर आणली गेली होती, आणि तिचा अनुवाद प्राचीन किंवा पंडिती भाषेत नसून चालत्या बोलीकडे झुकणारा होता. विद्यापीठातील मिस्त्रिओतिस नामक प्राध्यापकांना तो पूर्वजांच्या वाणीचा अवमान वाटला. त्यांच्या चिथावणीने विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शिपाई आले, गोळी चालली आणि माणसे प्राणास मुकली. ज्या विद्यापीठाच्या स्तंभांपुढे मी मघाशी आपल्याला उभे केले, त्याच विद्यापीठाचे ते विद्यार्थी. नाटकातील वाक्य कोणत्या भाषेत बोलावे यासाठी जेथे माणसे मरतात, तेथे त्या वाक्याला श्वास देणाऱ्या नटाच्या माथ्यावर केवढा भार असतो, याची कल्पना त्या कोवळ्या वयातील मुलीला आल्यावाचून राहिली असेल असे मला वाटत नाही. आणि पुढे आयुष्यभर तिने जिवंत बोलीतील जिवंत नाटकाची जी बाजू सांभाळली तिचे मूळ त्या दिवसांत असावे, असा माझा तर्क आहे.

१९०८ साली राजनाट्यगृहाची दारे बंद झाली. राजाश्रय गेला, उरला तो लोकाश्रय. मारिकाने स्वतःची मंडळी उभारली आणि ती मंडळीची मालकीण, चालक आणि मुख्य नटी अशा तिन्ही नात्यांनी वावरू लागली. त्याच सुमारास दुसरी एक तेजस्वी नटी अथेन्सच्या रंगभूमीवर राज्य करीत होती. तिचे नाव कीवेली. वयाने दोघी बरोबरीच्या; परंतु स्वभाव, रूप आणि अभिनय यांत एकमेकींपासून भिन्न. कीवेली नाजूक, लालित्याची. मारिका प्रखर, आवेगाची. प्रेक्षकांचे दोन तट पडले, आणि ते तट नाटकापुरते राहिले असते तर आज इतक्या वर्षांनी त्यांची वार्ता कोणी सांगितली नसती.

परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात राजा कॉन्स्टंटाइन आणि पंतप्रधान वेनिझेलोस यांच्यातील वितुष्टाने सगळे राष्ट्र दुभंगले. दोन राजकारभार, दोन पक्ष, आणि घराघरांत दोन पंगती. मारिका राजपक्षाची मानली गेली, कीवेली वेनिझेलोसपक्षाची; त्यामुळे कोणत्या नाट्यगृहाचे तिकीट काढले यावरून मनुष्याचे राजकारण ओळखावे अशी वेळ आली. मारिकाच्या बाबतीत ही केवळ पक्षनिष्ठेची गोष्ट नव्हती. मुत्सद्दी आणि लेखक इओन द्रागूमिस याच्याशी तिचा दीर्घकाळ स्नेह होता, आणि तो वेनिझेलोसचा कडवा विरोधक. १९२० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये वेनिझेलोसवर प्राणघातक हल्ला झाल्याची बातमी अथेन्सला पोहोचली, आणि सूडाने पेटलेल्या शिपायांनी द्रागूमिसला भर रस्त्यात, चौकशी नाही, खटला नाही, गोळ्या घालून ठार केले. त्या जागी आज एक स्तंभ उभा आहे. एवढे घडून गेल्यावर या स्त्रीने पुन्हा तोंडाला रंग लावला आणि चौतीस वर्षे, मरेपर्यंत, रंगभूमीशी नाते तोडले नाही. कोणाला यात कठोरपणा दिसेल. मला त्यात व्यवसायनिष्ठेची परमावधी दिसते.

आणि आता त्या रस्त्याकडे पुन्हा पाहा. ज्याला लोक विद्यापीठमार्ग म्हणतात, त्याचे सरकारी दप्तरातील नाव एलेफ्थेरिओस वेनिझेलोस मार्ग असे आहे. ज्याच्या अनुयायांनी तिचे जग उद्ध्वस्त केले त्याच्या नावाच्या रस्त्यावर तिच्या नावाचे नाट्यगृह आहे. मी त्या पाटीखाली कितीतरी वेळ उभा राहिलो. राष्ट्राचा पुढारी आणि राष्ट्राची नटी हे दोघेही एका नगरीचेच, आणि नगरीने दोघांनाही आपल्याजवळ ठेवून घेतले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

दोन नट्यांचे वैरही असेच मावळले. नात्याचे धागे तर पूर्वीच गुंतलेले होते. कीवेलीचे पहिले यजमान मित्सोस मिरात हे पुढे मारिकाच्या भगिनीचे यजमान झाले, आणि मारिकाच्या मंडळीचे आधारस्तंभही. परंतु दोघी एका रंगमंचावर आल्या त्या काळाच्या रेट्याने. १९३० साली सरकारने राष्ट्रीय रंगभूमीची स्थापना केली, आणि १९३२ साली त्याच जुन्या राजनाट्यगृहात तिचा पडदा वर गेला. सरकारी तिजोरीचे पाठबळ, फोतोस पोलितिससारखा व्यासंगी दिग्दर्शक आणि उत्तमोत्तम तरुण नट एका ठिकाणी जमल्यावर तिकिटाच्या पैशावर जगणाऱ्या खाजगी मंडळ्यांचे धाबे दणाणले, आणि ज्यांच्या नावाने प्रेक्षक एकमेकांच्या अंगावर धावून जात होते त्या दोघी हात धरून उभ्या राहिल्या. त्याच पोलितिसने १९२७ साली पानाथेनाइक क्रीडागारात युरिपिडीसची ‘हेकाबी’ मारिकाला घेऊन उभी केली होती. म्हणजे प्रतिस्पर्धी झाला तोही घरचाच.

या पार्श्वभूमीवर १९३७ सालची घटना पाहिली म्हणजे तिचे मोल कळते. मारिका तेव्हा पन्नाशीला आलेली. देशात मेताक्सासची हुकूमशाही सुरू होऊन वर्षही झाले नव्हते. राष्ट्रीय रंगभूमी जोरात, बोलपट त्याहून जोरात. त्याच इमारतीत शेजारी चित्रपटगृह. अशा वेळी शहराच्या हमरस्त्यावर, नव्यातल्या नव्या पद्धतीच्या वास्तूत, जिवंत नटीच्या नावाने नाट्यगृह उघडले गेले. याआधीही ओमोनियाच्या चौकात तिच्या नावाचे नाट्यगृह होते, तेव्हा हा मान तिला नवा नव्हता. परंतु मान आणि जोखीम यांचा असा मेळ क्वचित पडतो. मेलेल्या माणसाचे नाव इमारतीला देणे सोपे असते, कारण त्याच्यावर नवा हिशोब चढत नाही. जिवंतपणी ज्याचे नाव दारावर लागते त्याला ते नाव रोज रात्री, प्रत्येक प्रयोगाला, तिकीटखिडकीवर सिद्ध करावे लागते. एखादा प्रयोग पडला तर तो दारावरच्या नावासकट पडतो. मारिकाने ती जोखीम घेतली, आणि एवढ्यावर न थांबता नव्या माणसांना जागा करून दिली. कारोलोस कून, जो पुढे १९४२ साली, जर्मनांच्या ताब्यातील अथेन्समध्ये आपले ‘कलारंगभूमी’ हे नाट्यपीठ स्थापून ग्रीक रंगभूमीचे वळण बदलणार होता, त्याने त्याआधी मारिकाच्याच मंडळीसाठी नाटके बसविली. स्वतःच्या नावाच्या घरात स्वतःहून वेगळ्या रीतीच्या माणसाला कारभार सोपविणे, हे किती थोर नटांना साधले आहे याचा विचार आपण आपल्या मनाशी करावा.

महायुद्ध, दुष्काळ, यादवी, सगळे येऊन गेले. १९४९ साली राष्ट्रीय रंगभूमीने हेरोदेस अत्तिकसच्या नाट्यगृहात ‘ओरेस्तेइया’ सादर केली, तेव्हा क्लितेम्नेस्त्रा उभी केली ती मारिकाने. सेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्या नाट्यत्रयीच्या भाषेसाठी रस्त्यावर रक्त सांडले होते, तिच्यातीलच राणी. ११ सप्टेंबर १९५४ रोजी मारिका निवर्तली.

आज ‘रेक्स’मधील ते नाट्यगृह राष्ट्रीय रंगभूमीच्या वहिवाटीत आहे, आणि तेथील मुख्य रंगमंच ‘मारिका कोतोपूली’ या नावानेच ओळखला जातो. त्याच वास्तूतील दुसऱ्या रंगमंचाला नाव आहे कातीना पाक्सिनूचे, जिने पुढे हॉलिवुडचा ऑस्कर पुरस्कारही मिळविला. ज्या सरकारी संस्थेच्या स्थापनेने एके काळी मारिकाचा प्रेक्षक ओढून नेला, तीच संस्था आज तिच्या नावाची राखणदार झाली आहे. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर, मालकी कागदावर असते आणि वहिवाट पायांखाली. त्या इमारतीवर मारिकाचा जो हक्क आजही चालतो तो मला वहिवाटीचा हक्क वाटला.

त्या संध्याकाळी तेथे प्रयोग होता. मी तिकीट काढून बसलो. ग्रीक भाषा मला अवगत नाही. कथानकाचा अर्धा भाग सुटला, आणि तरीही एका जागी, रंगमंचावरची एक प्रौढ नटी काहीच न बोलता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली तेव्हा, माझ्या शेजारी बसलेल्या तरुण मुलीने श्वास रोखलेला मला ऐकू आला. सभागृहात निम्म्याहून अधिक मंडळी तरुण होती. त्यांच्यापैकी एकानेही मारिकाला पाहिलेले असणे शक्य नव्हते. मला वाटते, नटाच्या नावाला याहून निराळे तर्पण नाही. शिल्पकाराचा दगड राहतो, कवीची पोथी राहते, गवयाची तबकडीसुद्धा राहते. नटाचे जे खरे कर्तृत्व, त्या एका रात्री त्या एका समुदायासमोर घडलेले, ते पडद्याबरोबर खाली येते. त्याच्या नावाने दुसरा कोणी नट दुसऱ्या कोणत्या रात्री तेथे उभा राहतो, एवढाच त्याचा वारसा.

मराठी माणसाला हे वेगळे सांगावे लागू नये. मारिकाच्या जन्मानंतर एकच वर्षाने, २६ जून १८८८ रोजी, नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, जन्मले; आणि त्यांच्या निधनाला वर्षही पुरे होण्यापूर्वी, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मतिथीस, पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर उघडले. मारिका आणि कीवेली एका रंगमंचावर आल्या हे वाचताना मला ८ जुलै १९२१ ची ती रात्र आठवली, जेव्हा टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन तटांच्या दोन दैवतांनी ‘मानापमान’ एकत्र उभे केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. ज्या नाट्यगृहाला पुढे त्यांचे नाव मिळाले ते कोल्हापूरचे नाट्यगृह, १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जन्मदिनाच्या आदल्याच रात्री, आगीत होरपळले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरकर त्या भिंतींसमोर उभे राहून ज्या रीतीने रडले, त्या रीतीने माणसे केवळ विटांसाठी रडत नाहीत.

आता आपल्या गावाविषयी थोडे बोलून मी आपली रजा घेतो. आपल्याही नाट्यगृहाच्या दारावर एका थोर नटाचे नाव आहे. दुरुस्तीच्या नावाखाली ते दोन वर्षे बंद राहिले. छपराच्या गळतीविषयी मी स्वतः केलेला अर्ज संबंधित कचेरीत कोणत्या बासनात बांधला गेला ते मला अद्याप कळलेले नाही. आणि दारे उघडल्यानंतरचे बहुतेक दिवस लग्ने, मेळावे आणि कापडाच्या विक्रीत गेले. लग्नाला माझा विरोध नाही. परंतु त्या लाल वहीतील अखेरच्या नोंदीनंतरची पाने कोरी आहेत, आणि ती पाहून मला झालेला खेद मी या व्यासपीठावरून लपवू इच्छीत नाही. ज्या नटाचे नाव आपण दारावर लावले त्याला आपण नाट्यगृह इनाम दिले असे समजू नये. ते त्याच्याकडून आपण कर्जाऊ घेतलेले आहे, आणि त्याचे हप्ते प्रयोगांनी फेडायचे आहेत.

कारभाऱ्यांच्या चिरंजीवांनी ती वही काल नाट्यगृहाच्या कचेरीत परत आणून दिली आहे, आणि व्यवस्थापकांनी नोंदी पुढे चालू ठेवण्याचे मान्य केले आहे. येत्या शनिवारी रात्री साडेनऊ वाजता आपल्याच तालुक्यातील तरुण मंडळींचा प्रयोग आहे. तिकीटखिडकी उद्या सकाळी दहापासून उघडी राहील. आपण सर्वांनी यावे, आणि घरातील मुलांना बरोबर आणावे.